पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं तर

माझं झेरॉक्सचं दुकान पोलीस ठाण्याच्या अगदी समोर आहे. पंच, म्हणजे झडतीचा साक्षीदार, हवा असला की हवालदारसाहेबांची नजर आधी इकडेच वळते. "काका, पाच मिनिटं चला, नुसती सही करायचीय." काम पाच मिनिटांत उरकत नाही आणि नुसत्या सहीवर भागतही नाही.

तोंडी 'चला' म्हणाले तर आधी लेखी आदेश मागा, पण मागताना भाषा नीट ठेवा. झडतीला त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हवेत, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणारा कायदा) कलम 103 सांगतं. लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाशिवाय गेला नाहीत, तर भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम 222 लागतं. महिनाभरापर्यंत साधी कैद, 2,500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हा दंड 200 रुपये होता. खरंच अडचण असेल तर कारण लिहून द्या आणि एक प्रत जवळ ठेवा. ज्याच्याकडे झडती आहे तो नात्यातला किंवा भांडणातला असेल, तर तेही सांगा. मग तुम्ही स्वतंत्र पंच कसले?

चोर पळतोय आणि पोलीस "धरा त्याला" म्हणून ओरडतायत, तिथे मात्र कागद मागत बसू नका. अशा वेळी वाजवी मदत करणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 31 प्रमाणे बंधनकारक आहे. टाळली तर सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नाही म्हणताना हात खिशात ठेवा, हा माझा सगळ्यांना सल्ला. कामात मुद्दाम अडथळा आणला तर न्याय संहितेचं कलम 221, तीन महिन्यांपर्यंत कैद. पोलिसाला कामापासून रोखायला धक्काबुक्की केली तर कलम 132, दोन वर्षांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. कॉलर धरण्याइतकं महाग काही नाही.

गेलात तर वस्तू निघताना डोळ्यांनी दिसेल अशा जागी उभे राहा. पंचनामा पूर्ण वाचा. कोऱ्या कागदावर सही नाही, ठाण्यात बसून आधीच लिहिलेल्यावर तर नाहीच. वेळ, ठिकाण, वस्तूंची संख्या तपासा. लाखेच्या सीलखालच्या लेबलवर तुमची सही घेतात, तीही पाकीट बंद झाल्यावरच करा. आता झडतीचं चित्रीकरणही व्हायला हवं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 105. पोलिसांचा मोबाइल बाहेर निघाला नाही तर विचारा.

पंचनामा आणि जबाब यांत गल्लत नको. पंचनाम्यावर पंचाची सही लागते. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही करायची नसते, तरी पुष्कळजण करून मोकळे होतात.

घरी आल्यावर काय पाहिलं ते डायरीत टिपून ठेवा. झडतीच्या पंचाला कोर्टात जावं लागतं ते खास समन्स आलं तरच, पण ते कित्येक वर्षांनी येतं. "मी फक्त सही केली" असं तिथे म्हणालात की सरकारी वकील फितूर, म्हणजे आपल्याच बाजूवर उलटलेला साक्षीदार, ठरवून उलटतपासणी घेतात. साक्ष झाली की बाहेर पडण्याआधी शिरस्तेदारांकडे (कोर्टाच्या कारकुनांकडे) साक्षीदाराच्या भत्त्याची चौकशी करा. आपणहून कोणी सांगत नाही.