सल्काटा कासवाच्या पिल्लासाठी घरात उबदार आणि दमट पेटी कशी उभारावी

गेल्या हिवाळ्यात इंदूरला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी सल्काटा जातीच्या कासवाचे एक पिल्लू आले. त्याचे कवच जेमतेम लिंबाएवढे होते. विक्रेत्याने त्याच्यासोबत काचेची टाकी, दोन किलो वाळू आणि एक लाल दिवा दिला आणि ‘वाळवंटातले कासव आहे, कोरडे ठेवा’ असे सांगितले. तिसऱ्या आठवड्यात पिल्लाने खाणे सोडले आणि ते दिवसभर डोळे मिटून एका कोपऱ्यात बसू लागले. तेव्हा आम्ही ती टाकी बाजूला ठेवून पेटी नव्याने बांधली. दहा दिवसांनी त्याने जास्वंदीच्या पानाचा पहिला तुकडा तोडला. ही पेटी कशी बांधली आणि प्रत्येक गोष्ट तशीच का केली, ते पुढे क्रमाने लिहीत आहे.

पिल्लू घरी आणण्यापूर्वी कायदा पाहावा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हौसेने पाळले गेलेले, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले भारतीय तारा कासव पाळणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. असे कासव कोणी देऊ केले तर घेऊ नये, आणि सापडले तर वनविभागाकडे सोपवावे. सल्काटा ही आफ्रिकेतली जात असली तरी तीही सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येते. त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंदणी करावी लागते, आणि विक्रेत्याकडून पक्की कागदपत्रे घेतल्याशिवाय व्यवहार करू नये. आणखी एक गोष्ट मनाशी नीट तोलावी. देवळाच्या सभामंडपात गाभाऱ्यासमोर असते त्या दगडी कासवाएवढे हे जनावर कायमचे राहत नाही. ते चाळीस-पन्नास किलोपर्यंत सहज वाढते आणि माणसाइतके जगते. अंगण नसलेल्या घरात ते आणणे मला तरी योग्य वाटत नाही.

आता त्या ‘कोरड्या’ सल्ल्याबद्दल. सल्काटा सहाराच्या दक्षिण काठावरच्या साहेल या रखरखीत गवताळ पट्ट्यात राहते, हे खरे आहे. पण उन्हाच्या वेळी ते बिळात असते आणि बिळातली माती व हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ ओलसर असते. कोरड्या हवेत, वर तापलेल्या दिव्याखाली वाढलेल्या पिल्लाच्या कवचाचे प्रत्येक खवले शंकूसारखे वर उचलले जाते आणि ही विकृती पुढे सुधारत नाही. ती जास्त प्रथिनांमुळे होते असे पूर्वी सर्रास मानले जाई. परंतु व्हिएन्नात सल्काटाच्याच पिल्लांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रथिनांचा परिणाम किरकोळ आणि कोरड्या हवेचा परिणाम ठळक दिसला. म्हणून या पेटीचे सारे नियोजन एकाच गोष्टीभोवती आहे: ऊब आणि ओल एकत्र टिकली पाहिजेत. उबेशिवाय ओल राहिली तर पिल्लाला न्यूमोनिया होतो आणि ओलीशिवाय ऊब राहिली तर ते आतून सुकत जाते.

पेटी

पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच असावी. आठ बाय चार फुटांच्या १२ मिमी मरीन प्लायच्या एका पत्र्यातून तळ, छत, मागची बाजू आणि दोन्ही कडेच्या बाजू बरोबर निघतात. पुढच्या बाजूला खाली सुमारे २५ सेंमी उंचीची प्लायची पट्टी लावावी (ती सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यातून होते) आणि तिच्यावर सरकत्या अ‍ॅक्रिलिकची दोन दारे बसवावीत. पट्टी अपारदर्शकच हवी, कारण पिल्लाला पारदर्शक भिंत कळत नाही आणि ते तासन्‌तास तिच्यावर चढण्याची धडपड करत राहते. काचेच्या टाकीत नेमके हेच झाले होते. पेटीच्या आतून इपॉक्सीचे दोन हात द्यावेत आणि वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे किमान आठवडाभर, ती उघडी ठेवावी. हवेसाठी दोन्ही बाजूंना वरच्या भागात बोटाएवढी चार-पाच भोके पुरतात; मोठी जाळी बसवली तर सगळी ओल तिथून निघून जाते.

तळाला ८ ते १० सेंमी जाडीचा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) थर द्यावा. रोपवाटिकेत मिळणारी पाच किलोची वीट भिजवल्यावर या मापाच्या पेटीला साधारण एकच पुरते. ती बिनखताची आहे, हे विचारून घ्यावे, दोनदा पाण्यात धुवावी म्हणजे त्यातले मीठ निघून जाते, आणि घट्ट पिळून घालावी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, इतकी ओल योग्य समजावी. त्यानंतर वरून फवारण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी कोपऱ्यांत तांब्याभर कोमट पाणी ओतून थर हाताने खालीवर करावा. त्याने खालचा भाग ओला राहतो आणि वरचा भाग पिल्लाच्या पोटाला चिकटत नाही. वाळू मुळीच घालू नये, कारण अन्नासोबत पोटात जाऊन ती आतडे बंद करते. लाकडाचा भुसा आणि वर्तमानपत्रही टाळावे.

ऊब आणि प्रकाश

या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. पेटीच्या एका टोकाला पांढऱ्या प्रकाशाचा साधा हॅलोजन फ्लड दिवा टांगावा आणि त्याच्या खाली घासून गुळगुळीत न केलेली कोटा फरशी ठेवावी. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर तिथे ३५ ते ३७ अंश सेल्सिअस तापमान मिळेल, अशा बेताने दिवा वर-खाली करावा. दुसऱ्या टोकाला २६ ते २७ अंश असावेत, म्हणजे पिल्लू आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलू शकते. रात्री दिवा बंद ठेवून, प्रकाश न देणारा १०० वॅटचा सिरॅमिक हीट एमिटर थर्मोस्टॅटवर २७ अंशांना लावावा. तो चिनी मातीच्या होल्डरमध्येच बसवावा, कारण प्लास्टिकचा होल्डर वितळतो. लाल किंवा निळे ‘रात्रीचे’ दिवे वापरू नयेत, कारण कासवाला ते दिसतात आणि त्याची झोप मोडते. खालून तापणाऱ्या चटया आणि गरम दगडही नकोत. कासवाला पोटाखालची उष्णता वेळेवर कळत नाही आणि ते भाजते.

याशिवाय अतिनील-बी किरण देणारी टी-५ नळी (बारीक ट्यूबलाइट) हवी, कारण त्या किरणांशिवाय त्वचेत डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडात व कवचात बसत नाही आणि कवच मऊ पडते. खिडकीतून येणारे ऊन इथे उपयोगाचे नाही, कारण काच हे किरण अडवते. त्याच कारणाने नळी पेटीच्या आत, अ‍ॅक्रिलिकच्या अलीकडे, पाकिटावर दिलेल्या अंतरावर लावावी. हॅलोजन आणि नळी टायमरवर रोज बारा तास चालू ठेवावेत. नळी पेटत राहिली तरी तिचे किरण कमी होत जातात, म्हणून वर्षाच्या आत ती बदलावी आणि लावल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी. इंदूरमध्ये ऊन भरपूर असते. सकाळचे ऊन वीस-पंचवीस मिनिटे थेट मिळाले तर तेही उपयोगी ठरते. तेव्हा मात्र पिल्लू ज्या टोपलीत ठेवले असेल तिचा अर्धा भाग सावलीत असावा आणि माणसाने शेजारून हलू नये, कारण कावळे आणि मांजरे क्षणात पिल्लू उचलतात.

पाणी आणि वीज एकाच पेटीत येत असल्यामुळे हे सारे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) जोडून घ्यावे आणि वायरिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे.

उरलेली मांडणी सोपी आहे. कुंडीखालची मातीची उथळ ताटली काठापर्यंत कोकोपीटमध्ये पुरून पाणी ठेवावे. ती खरबरीत असल्याने पिल्लाचे पाय घसरत नाहीत. पाणी त्याच्या हनुवटीपेक्षा खोल नसावे आणि रोज बदलावे. थंड टोकाला अर्धी फुटलेली कुंडी आडवी ठेवून तिच्याखालचा थर अधिक ओला ठेवावा, तेच त्याचे बीळ होय. हिरवळ हवी असल्यास जास्वंदीची छोटी कुंडी ठेवावी. कण्हेर, डिफेनबाकिया आणि मनीप्लँट यांना पेटीजवळही जागा देऊ नये. पेटीत पिल्लू एकच असावे. दोन ठेवली तर एकमेकांच्या सोबतीने आनंदी दिसतात असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात त्यांतले एक दुसऱ्याला दडपते आणि दडपलेले पिल्लू खुरटते.

पिल्लू आत सोडण्याआधी पेटी रिकामीच तीन-चार दिवस चालवून पाहावी. दोन्ही टोकांना प्रोबचा डिजिटल थर्मामीटर आणि मध्ये आर्द्रतामापक ठेवून पहाटे, दुपारी आणि रात्री आकडे लिहावेत. आर्द्रता ७० ते ८० टक्के राहिली पाहिजे. माळव्याच्या रात्रींचा गारवा आपल्याला सुखाचा असला, तरी डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली जातो आणि पेटीची खरी परीक्षा पहाटे होते. एमिटर सतत चालूनही २७ अंश मिळत नसतील, तर छतावर थर्मोकोलचा पत्रा बसवावा. वीज गेल्यास गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून बिळाशेजारी ठेवावी. मे महिन्यात उलट अडचण येते. खोलीच चाळीस अंशांकडे जाऊ लागली तर दुपारी हॅलोजन बंद करावा, कूलरची खोली वापरावी, पण वाऱ्याचा झोत पेटीवर येऊ देऊ नये.

खाण्याचा विषय स्वतंत्र आहे, तरी पेटीपुरते इतके पुरे: दूर्वा व इतर कोवळे गवत, जास्वंदीची आणि तुतीची पाने त्या कोटा फरशीवरच वाढावीत, म्हणजे चोच आपोआप घासली जाते. पोळी, भात आणि फळे देऊ नयेत. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेन कोपऱ्यात ठेवला की कॅल्शियमची सोय होते. पहिले वर्षभर पिल्लाला रोज पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात, पाठ आणि पोटाच्या कवचांच्या सांध्यापर्यंत, बसवावे. बहुतेक वेळा ते तिथेच शी-शू करते आणि पेटी स्वच्छ राहते.

माझा भाचा दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लाचे वजन करून वहीत लिहितो. सलग दोन आठवडे वजन घटले, नाकातून बुडबुडे आले किंवा तोंड उघडून श्वास घेतला, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे; इंदूरकरांना महूचे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. नेताना भोके पाडलेल्या बुटांच्या खोक्यात ओलसर रुमाल अंथरावा, शेजारी कोमट बाटली ठेवावी आणि तापमान-आर्द्रतेची वही सोबत घ्यावी.