जपानची पहिली सहल: टोकियोतील ट्राम आणि ओकायामाचा थांबा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जपानमध्ये नव्याने आलेले बहुतेक जण पहिल्या मोठ्या सुट्टीत टोकियो, क्योतो आणि ओसाका ही तीन शहरे धावतपळत उरकतात. येथे काही वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, या यादीतील एक-दोन गर्दीची ठिकाणे खुशाल गाळावीत आणि तो वेळ जुन्या, राहत्या वस्त्यांना द्यावा.

टोकियोत त्यासाठी निप्पोरी स्थानकाला लागून असलेले यानाका गाठावे. १९२३चा भूकंप आणि १९४५चे बॉम्बहल्ले यांतून हा भाग बराचसा बचावल्यामुळे अरुंद गल्ल्या, लाकडी घरे आणि लहानमोठी देवळे तेथे अजून टिकून आहेत. तेथील दफनभूमीत शेवटचे शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा योशिनोबू यांचे थडगे आहे. दुपारी मिनोवाबाशी ते वासेदा धावणारी तोदेन आराकावा ट्राम धरावी. घरांच्या परसांना खेटून जाणारा हा सुमारे १२ किलोमीटरचा प्रवास तासाभराचा असून कोठेही उतरले तरी भाडे सारखेच पडते.

ओकायामा हे शहर मात्र मी सर्वांना आग्रहाने सुचवतो. ओसाकाहून हिरोशिमाकडे जाणारे प्रवासी हे स्थानक खिडकीतूनच पाहतात; वास्तविक शिन-ओसाकाहून नोझोमी या शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) गाडीने ते पाऊण तासावर आहे. पुण्यातील सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएनच्या धर्तीवर उभारले, ते मूळ उद्यान येथे आहे. सरदार इकेदा त्सुनामासा यांच्या काळात १७०० साली पूर्ण झालेले हे उद्यान पुण्यातील उद्यानाच्या तिपटीहून मोठे आहे, आणि त्यात चक्क भातखाचरे व चहाचा मळाही आहे. नदीपलीकडचा काळा किल्ला उद्यानाच्या देखाव्यात असा काही सामावून घेतला आहे की, तो १९६६ साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला आहे हे कळूनही माझा आनंद कमी झाला नाही. लोकल गाडीने पंधरा-वीस मिनिटांत कुराशिकी येते. कालव्याकाठची पांढरी गोदामे आणि १९३० सालचे ओहारा कलासंग्रहालय यांसाठी अर्धा दिवस ठेवावा, फक्त सोमवार टाळावा.

खर्चाची एक बाब नवागतांना उशिरा कळते. जेआर (जपान रेल्वे) पास, म्हणजे ठरावीक दिवस रेल्वेने हवे तितके फिरू देणारा पास, अल्पकालीन पर्यटकांसाठी असल्यामुळे विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्यांना तो मिळत नाही. भेटीला आलेल्या आईवडिलांना मिळतो. पण ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाल्यापासून सुटी तिकिटे जोडून हिशेब करणे आवश्यक ठरते. विद्यार्थ्यांनी महाविद्यालयातून गाकुवारी हे सवलतपत्र घ्यावे. १०० किलोमीटरपेक्षा लांबच्या जेआर प्रवासात मूळ भाड्यावर २० टक्के सूट मिळते, शिन्कान्सेनच्या जादा आकारावर नाही.

शाकाहारी मंडळींनी साध्या दिसणाऱ्या उदोन या जाड नूडल्सच्या रश्शातही माशांचा अर्क असतो हे ध्यानात ठेवून खाऊ जवळ बाळगावा. हाताशी आणखी एक दिवस असेल, तर ओकायामाहूनच मरीन लायनर गाडी १९८८ साली खुल्या झालेल्या सेतो पुलावरून तासाभरात शिकोकू बेटावरील ताकामात्सुला पोहोचवते. समुद्र नीट दिसावा म्हणून ही फेरी उजेडातच करावी.