नादुरुस्त गिझर किंवा मोटरमुळे वीजबिल वाढले, तर भरायचे कोणी?

भाड्याच्या घरातले बिल फुगले की घरमालक म्हणतात, "वीज तुम्ही वापरलीत", आणि भाडेकरू म्हणतो, "गिझर तुमचा आहे". दोघांचेही म्हणणे अर्धे खरे असते; म्हणून बोलणी करण्यापूर्वी जादा युनिट नेमके कुठे गेले, हे शोधावे.

आधी बिलावर छापलेला मागील महिन्यांचा वापर पाहावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात कूलरमुळे वापर वाढतोच, त्यामुळे एप्रिलची तुलना फेब्रुवारीशी न करता गेल्या वर्षीच्या एप्रिलशी करावी. त्यानंतर इन्व्हर्टरसह घरातले सर्व काही बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पाहावा. मेन स्विच बंद केल्यावरही तो लुकलुकत राहिला, तर मीटर सदोष असू शकतो किंवा जिन्यातला दिवा, वरच्या मजल्याची मोटर असे काहीतरी तुमच्या मीटरवर परस्पर जोडलेले असू शकते. तो थांबला, तर सर्व एमसीबी (घरातल्या एकेका सर्किटचे सुरक्षा-स्विच) बंद ठेवून मेन स्विच चालू करावा आणि मग एकेक एमसीबी चालू करत जावे. सर्व उपकरणे बंद असताना ज्या एमसीबीवर दिवा पुन्हा लुकलुकू लागेल, त्या वायरिंगची तपासणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी आणि दोष त्याच्याकडून लेखी घ्यावा. वायरिंगमधली गळती जिवावर बेतू शकते, तेव्हा ही तपासणी पुढे ढकलू नये.

आपल्याकडे पहिला संशय मोटर आणि गिझरवर घ्यावा. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर घरोघरी असते. तिचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या तळाची पाणी मागे जाऊ न देणारी झडप, गळका असेल, तर मोटर तासन्‌तास चालते आणि टाकी मात्र भरत नाही. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर गिझर आपोआप बंद करणारा भाग) बिघडलेला 2000 वॉटचा गिझर तासाला 2 युनिट खातो, म्हणजे रोज तीन तास जादा चालला तरी महिन्याला 180 युनिट वाढतात. महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो. त्यामुळे नुकसान सरासरी दराने न मोजता, हे 180 युनिट वगळून बिल किती आले असते ते काढावे आणि दोन्ही रकमांतला फरक धरावा.

दोष सापडला की त्याच दिवशी घरमालकांना लेखी कळवावे. "काका, गिझर गरम झाल्यावर आपोआप बंद होत नाही, वायरमनने थर्मोस्टॅट बदलायला सांगितले आहे, आजचे रीडिंग सोबत पाठवतो", एवढा संदेश मीटरच्या फोटोसह पुरेसा आहे. माझ्या मते सगळ्या वादात हीच तारीख सर्वांत मोलाची असते, कारण कळवल्यानंतरही दुरुस्ती न झाल्यास पुढच्या जादा बिलाची जबाबदारी घरमालकांनी नाकारणे अवघड होते. उलट भाडेकरू महिनोन्‌महिने गप्प राहिला, तर मागची रक्कम त्याला हक्काने मागता येत नाही. उपकरण भाडेकरूचे स्वतःचे असेल किंवा त्याच्या हातून बिघडले असेल, तर खर्च अर्थातच त्याचा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जागा सुस्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभरात ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. ही तरतूद दुरुस्तीच्या खर्चाची आहे, जादा बिलाची नव्हे; ती रक्कम आपापसांत लेखी ठरवावी. शिवाय लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठराविक मुदतीच्या केवळ वापर-परवान्यावर, राहणाऱ्याने करारातील देखभालीचे कलमच आधी वाचावे, कारण कायद्याने तो भाडेकरू ठरत नाही. वाद झाला म्हणून घरमालकाने वीज किंवा पाणी तोडणे याच अधिनियमाच्या कलम 29 ला धरून नाही.

मीटरच सदोष वाटत असेल, तर जोडणी घरमालकांच्या नावावर असल्याने त्यांच्या सहीने महावितरणच्या कार्यालयात मीटर तपासणीचा अर्ज करावा. चाचणीत दोष निघाल्यास वाद उपस्थित झालेल्या महिन्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचे बिल दुरुस्त होते, तेव्हा अर्ज लांबवू नये. तोवर बिल थकवूही नये: विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 56 प्रमाणे मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही.