पीसीओडी आहे आणि मूल हवंय? पहिल्या गोळीआधी हे वाचा

वंध्यत्वाच्या ओपीडीत मी सिस्टर आहे. पीसीओडीच्या मुली रडवेल्या होऊन येतात, तेव्हा आधी सांगते, "ताई, तुमच्याकडे बीजं कमी नाहीत. ती वेळेवर वाढून फुटत नाहीत, एवढंच." त्यामुळे ट्यूब (गर्भनलिका) मोकळ्या आणि नवऱ्याचा रिपोर्ट चांगला असेल, तर पहिल्याच महिन्यात आयव्हीएफकडे, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीकडे धावायचं कारण नसतं.

तो रिपोर्ट मात्र आधी हवा. "त्याला काय धाड भरलीय?" असं सासूबाई म्हणाल्या तरी सीमेन (वीर्य) तपासल्याशिवाय बाईने गोळ्या सुरू करू नयेत, हे माझं ठाम मत. तुमची थायरॉइड आणि 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी करून घ्या. फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीपासूनच लागतं, रोज 400 मायक्रोग्रॅम. वजन किंवा साखर जास्त असेल तर डोस डॉक्टर ठरवतील.

वजन 80 किलो असेल तर 4 किलो उतरल्यानेही पाळी सुधारू शकते. त्यासाठी उपास नकोत. भाकरी एक कमी, उसळ एक वाटी जास्त, आणि जेवणानंतर दोघांनी मिळून भरभर चालायचं. बारीक मुलींनी वजन घटवू नये. पस्तिशी ओलांडली असेल तर वजनासाठी उपचार लांबवू नका.

आता लेट्रोझोल, म्हणजे बीज वाढून फुटावं म्हणून देतात ती गोळी. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, बहुधा 2.5 मिलिग्रॅमने सुरुवात. मुली मोबाइलवर नाव शोधतात, स्तनाच्या कॅन्सरचं औषध म्हणून वाचतात आणि पाकीट तसंच कपाटात ठेवतात. त्या आजारात ते देतात हे खरं. आपल्याकडे 2011 मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदीही आली होती. 2017 मध्ये ती उठली. अमेरिकेत पीसीओएसच्या (पीसीओडीचंच दुसरं नाव) 750 स्त्रियांवर झालेल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोलवर 27.5 टक्के स्त्रियांना मूल झालं, जुन्या क्लोमिफीन गोळीवर 19.1 टक्के. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही बीज फुटण्यासाठी पहिली पसंती यालाच आहे.

गोळी घेऊन सोनोग्राफी चुकवू नका. फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, साधारण 18 ते 20 मिलिमीटर झालं की संबंधांचे दिवस ठरवता येतात. वाढलंच नाही तर पुढच्या पाळीला डोस वाढवतात. एकदम तीन-चार वाढली तर डॉक्टर त्या महिन्यात थांबायला सांगतात. ते ऐकाच, जुळी-तिळी राहण्याचा धोका असतो.

आयव्हीएफची वेळ आलीच, तर इंजेक्शनं सुरू होण्याआधी विचारा: अँटॅगोनिस्ट पद्धत (बीजं वेळेआधी फुटू नयेत म्हणून रोखणारं इंजेक्शन) वापरणार का, ट्रिगर (बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन) कोणता देणार, भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यात सोडणार का? हे विचारायचं कारण, पीसीओडीत अंडाशय औषधाला फार जोरात साथ देतात आणि पोटात पाणी होऊ शकतं. बीजं काढल्यानंतर पोट टम्म फुगलं, एका दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच फोन करा आणि निघा.