वीजबिल, सिलिंडर, पेट्रोल: घरचा कार्बन मोजणारं अ‍ॅप असं बांधा

कार्बन मोजणारं अ‍ॅप रोज प्रश्न विचारायला लागलं की लोक ते उघडेनासे होतात. आज काय खाल्लं, कुठे गेलात, काय विकत घेतलं, हे रोज कोण भरणार? महाराष्ट्रातल्या घरासाठी अ‍ॅप करत असाल तर ते घरखर्चाच्या चालीनं चालवा. विजेचं बिल आलं, नवा सिलिंडर लावला, गाडीत पेट्रोल टाकलं, एवढ्या तीनच वेळी नोंद. हे तिन्ही आकडे सहसा मोजलेले असतात, अंदाजाचे नसतात, आणि घरातल्या माणसाच्या हातात असलेली बचतही बरीचशी इथेच असते.

आधी गुणांकांचं, म्हणजे एका युनिटमागे किंवा लिटरमागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो त्या आकड्यांचं, कोष्टक करा. ग्रिडच्या, म्हणजे वीजकंपनीकडून येणाऱ्या विजेच्या, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. नेमका आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण आपल्या बेसलाइन डेटाबेसमध्ये जाहीर करतं, तो अ‍ॅपमध्ये घाला. पेट्रोल लिटरमागे सुमारे २.३ किलो, डिझेल २.७. एलपीजी किलोमागे जवळजवळ ३, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे सुमारे ४२ किलो. पाइप गॅस असेल तर घनमीटरमागे सुमारे २. प्रत्येक गुणांकासोबत तो कुठून घेतला आणि कधीपासून लागू आहे, हे साठवा. कोडमध्ये आकडे थेट लिहून ठेवलेत तर पुढच्या वर्षी जुने महिनेही बदलतील आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. दोन महिन्यांची तुलना करताना मात्र दोन्हीकडे एकच गुणांक लावा, नाहीतर ग्रिड सुधारल्याचं श्रेय घराला मिळतं.

नोंद कशी घ्यायची, यात खरी कसोटी आहे. वीजबिल महिन्याचं म्हटलं तरी दोन रीडिंगमधलं अंतर कधी २८ दिवसांचं, कधी ३४ दिवसांचं असतं. म्हणून युनिटसोबत मागच्या आणि चालू रीडिंगची तारीख घ्या, रोजचा वापर काढा आणि मग महिना जुळवा. घर बंद असलं, रीडिंग घेता आलं नाही, की सरासरीचं बिल येतं आणि पुढच्या बिलात फरक एकदम वळता होतो. अ‍ॅपला हे कळलं नाही तर आलेखात एक खोटा खड्डा आणि त्याला लागून एक खोटा डोंगर दिसतो. ‘हे बिल सरासरीचं आहे का?’ एवढा एक प्रश्न ठेवा. उत्तर ‘हो’ असेल तर ती नोंद कच्ची समजा आणि खरं रीडिंग आल्यावर मधले सगळे दिवस नव्यानं वाटून घ्या. छतावर सोलर असेल तर बिलातले आयात युनिट (ग्रिडमधून घेतलेले) घ्या, निव्वळ युनिट (घेतलेले वजा ग्रिडला दिलेले) नकोत. निव्वळ शून्य आलं तरी त्या घरानं रात्री ग्रिडचीच वीज वापरलेली असते.

सिलिंडरची बुकिंगची तारीख निरुपयोगी, कारण भरलेला सिलिंडर घरात कितीतरी दिवस तसाच असतो. शेगडीला लावल्याची तारीख विचारा आणि ४२ किलो पुढचा सिलिंडर लागेपर्यंतच्या दिवसांवर पसरवा. पेट्रोल लोक लिटरमध्ये कुठे टाकतात, ‘दोनशेचं टाका’ म्हणतात. म्हणून रुपये विचारा, त्या दिवशीच्या दरानं लिटर अ‍ॅपनंच काढावेत.

चौघांचं घर, १५० युनिट, ४५ दिवस पुरणारा सिलिंडर, महिन्याला १० लिटर पेट्रोल असं धरलं तर वीज १०५, गॅस २८, पेट्रोल २३. एकूण १५६ किलो, माणशी ३९. पहिल्या पडद्यावर एवढंच दाखवा: ‘सुमारे १५६ किलो’ आणि खाली तीन पट्ट्या. दशांश अपूर्णांक नकोत, ती अचूकता आपल्याकडे नसते. झाडांच्या संख्येत रूपांतरही नको. झाड किती कार्बन धरतं हे जातीवर, वयावर आणि पावसावर ठरतं. तिथे एकच ठोक आकडा देणं म्हणजे वापरणाऱ्याची दिशाभूल.

लोक परत यावेत असं वाटत असेल तर सल्ला त्यांच्याच आकड्यांतून निघाला पाहिजे. ‘वीज वाचवा’ या वाक्याचा उपयोग नाही. ‘७५ वॅटच्या पंख्याजागी २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावला आणि तो रोज १० तास चालला, तर महिन्याला १४ युनिट म्हणजे सुमारे १० किलो कमी’ हे कुणालाही पटतं. त्याशेजारी वाचणारे रुपयेही दाखवा, आणि ते त्या घराच्या सध्याच्या स्लॅबच्या दरानं काढा. तुलना शेजाऱ्याशी नको, मागच्या महिन्याशीही नको. मे महिन्यात कूलर, एसी चालणारच. मागच्या वर्षीचा मे समोर ठेवा. सूचना महिन्याला दोन पुरेत: बिल यायच्या सुमारास एक आणि हिशोब तयार झाल्यावर एक.

मराठी अ‍ॅपमध्ये काही चुका हमखास होतात. कुणी ‘१५०’ टाइप करतं, कुणी इंग्रजी अंकांत. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही, त्यामुळे आधी अंक बदलून घ्या. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. बिलाचा फोटो वाचायचा असेल तर गूगलची एमएल किट ही तयार सॉफ्टवेअर-प्रणाली फोनवरच देवनागरी मजकूर ओळखते, बिल सर्व्हरवर पाठवायची गरज नाही. वाचलेला आकडा मात्र वापरणाऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय जतन करू नका. पेट्रोलच्या नोंदीसाठी एसएमएस वाचायची किंवा सतत लोकेशनची परवानगी मागू नका. विश्वास तिथेच तुटतो, आणि लोकेशननं बॅटरीही उतरते.

आहार आणि खरेदी पहिल्या आवृत्तीत घेऊ नका. तिथले गुणांक इतके सैल आहेत की मोजलेल्या विजेचा आकडाही त्यांच्याबरोबर बिघडतो. विमानप्रवास वर्षातून एकदा विचारा आणि वेगळा दाखवा, महिन्याच्या बेरजेत मिसळू नका.

चाचणीसाठी पाच-सहा घरं घ्या: एक सोलरचं, एक पाइप गॅसचं, एक भाड्याचं जिथे वीज सबमीटरवर (घरमालकाच्या मीटरखालच्या वेगळ्या मीटरवर) आहे, आणि एक असं जिथे बिल आजोबा भरतात. पहिल्या नोंदीला कुणाला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर रकाने कमी करा. अ‍ॅप किती जणांनी डाउनलोड केलं हे मोजू नका. तिसऱ्या महिन्याचं बिल किती घरांनी भरलं ते मोजा.