चो युन-जंगची कारकीर्द कशी अभ्यासावी

चो युन-जंग ही दक्षिण कोरियाची टेनिसपटू. कोरियन नावात आडनाव आधी येते, म्हणून जुने निकाल शोधताना ‘चो’ हा शब्द दोन्ही क्रमांनी तपासावा. तिचे सर्वोच्च एकेरी मानांकन ४५ होते, आणि ते तिने २००३ मध्ये गाठले. मात्र केवळ या आकड्यावर थांबू नये. ऑकलंडचा २००३ चा अंतिम सामना सेटगणिक वाचावा, कारण ग्रीसच्या एलेनी दानिलिदूविरुद्धचा तो सामना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये (बरोबरी फोडणाऱ्या निर्णायक गेममध्ये) निसटला, आणि एकेरीच्या विजेतेपदाच्या ती किती जवळ पोहोचली होती हे तिथेच उमगते. दुहेरीची नोंद तर अजिबात वगळू नये: २००४ मध्ये सोलला, घरच्या प्रेक्षकांसमोर, जॉन मी-राच्या साथीने तिने कोरिया ओपन जिंकली.