सांता क्लाराचं इंटेल म्युझियम नीट बघायचं असेल तर

कॅलिफोर्नियात सांता क्लाराला कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या इंटेल कंपनीचं हेडऑफिस आहे, रॉबर्ट नॉइस बिल्डिंग, त्यातच हे म्युझियम. तिकीट लागत नाही. पण ऑफिसच्याच इमारतीत आहे ना, त्यामुळे सुट्ट्या आणि वेळा आदल्या दिवशी वेबसाइटवर बघूनच निघा. जागा फार मोठी नाहीये, भराभर फिरलात तर अर्ध्या तासात बाहेर याल आणि काचेत चिप्स ठेवल्या होत्या एवढंच लक्षात राहील. दोन तास तरी काढा, आणि माझं ऐकाल तर आधी चिप बनते कशी ते बघा, जुन्या चिप्स नंतर.

चिपचं सिलिकॉन वाळूतून येतं हे आपण ऐकलेलं असतं पण मधलं काहीच माहीत नसतं. तर ते शुद्ध करून १४१४ अंशांच्या वर वितळवतात, त्यात सिलिकॉनच्याच स्फटिकाचा छोटा तुकडा बुडवून, गोल फिरवत, अगदी सावकाश वर ओढतात आणि त्याचा जाडजूड चकचकीत दंडगोल तयार होतो. त्याचे पातळ काप म्हणजे वेफर, आता मोठ्या फॅक्टऱ्यांत ३०० मिलीमीटरचे असतात, जाडी एक मिलीमीटरपेक्षाही कमी. वेफर बघताना एका जागी उभं राहू नका, मान जरा इकडे तिकडे करा, रंग सरकतात आणि बारीक बारीक चौकोन दिसायला लागतात. तो एकेक चौकोन म्हणजे एकेक चिप!

पोरं बरोबर असतील तर दोन गोष्टी घरूनच सांगून न्या. एक म्हणजे पांढरा बनी सूट, चिप बनवणारे डोक्यापासून पायापर्यंत घालतात तो, आणि तो कशासाठी तर आपल्या अंगावरची धूळ, केस चिपवर पडू नयेत म्हणून. दुसरं बायनरी, म्हणजे सगळं फक्त ० आणि १ मध्ये लिहायचं. कॉम्प्युटरच्या भाषेत इंग्रजी कॅपिटल ए म्हणजे ६५, म्हणजे ०१०००००१, एवढं कागदावर एकदा करून घेतलं की तिथे आपलं नाव बायनरीत लिहायला पोरं हटत नाहीत. आणि चिप जिथे बनते तिथे पिवळा उजेड का असतो हेही विचारतीलच, तर वेफरवर जो फोटोरेझिस्ट, म्हणजे उजेडाने बदलणारा लेप, लावतात तो निळ्या आणि अतिनील उजेडाने बदलतो म्हणून.

आता ४००४, म्हणजे इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर, प्रोग्राम करता येणारी चिप. इथे घाई करू नका प्लीज. १९६९ मध्ये बिझिकॉम नावाच्या जपानी कंपनीला कॅल्क्युलेटरसाठी बारा चिप्सचा सेट हवा होता, इंटेलचे इंजिनिअर टेड हॉफ म्हणाले चारात भागेल आणि त्यातली एक प्रोग्राम करता येईल अशी करू. त्यांच्याबरोबर इंटेलचे स्टॅन मेझर होते, बिझिकॉमकडून मासातोशी शिमा होते, आणि ही चिप प्रत्यक्ष सिलिकॉनवर उतरवली इंटेलच्याच फेडेरिको फॅजिन यांनी. नोव्हेंबर १९७१ ला बाजारात आली, तिच्यात २३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे इवलेसे स्विच. आजच्या चिपमध्ये अब्जावधी असतात. हक्क खरं तर बिझिकॉमकडे होते, इंटेलने ६०,००० डॉलर परत करून ते सोडवून घेतले, नाहीतर ही चिप कॅल्क्युलेटरपुरतीच राहिली असती. म्हणून तिथला बिझिकॉमचा कॅल्क्युलेटर चिपइतकाच नीट बघा, लोक त्याच्याकडे न बघताच पुढे जातात आणि मला खरंच वाईट वाटतं.

चिप स्वतः साधारण ३ बाय ४ मिलीमीटर, करंगळीच्या नखावर मावेल. तिचा मोठा केलेला फोटो दिसला तर कडेला एफ. एफ. अशी दोन अक्षरं शोधा, फॅजिननी चित्रकाराने सही करावी तशी आपली आद्याक्षरं तिथे टाकलीत. मुलांना शोधायला लावा, हे ते विसरत नाहीत.

जवळच माउंटन व्ह्यूला कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम आहे, तेही बघाच, पण ते खूप मोठं आहे, त्याला वेगळा दिवस ठेवा.